अळी खाणारे आधी ओळखा

पावसाचे पहिले दोन-तीन आठवडे गेले की ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या गॅलऱ्यांत तगरीच्या कुंडीखाली मिऱ्याएवढ्या काळ्या गोळ्या दिसू लागतात. मान वर करून पाहिले तर अर्ध्या फांदीला पानच उरलेले नसते आणि तिथेच पानाच्या रंगाची, अंगठ्याएवढी जाड अळी बसलेली असते. मानेजवळ डोळ्यांच्या आकाराचे दोन निळे ठिपके. त्याच दिवसांत कढीपत्त्याचे कोवळे शेंडे गायब होतात, तुळशीची पाने गुंडाळली जातात, मोगऱ्याच्या कळ्या आतून पोखरलेल्या निघतात. तिकडे मुरबाड-शहापूरच्या खाचरांत भाताचे गाभे वाळू लागतात आणि भात निघाल्यावर त्याच रानात भेंडी-वांगी लागली की पुन्हा अळीच. शहरात हात झुरळांच्या स्प्रेकडे जातो, गावात पाठीवरच्या पंपाकडे.

तिकडे हात जाण्याआधी दहा मिनिटे झाडाजवळ थांबावे, पाने उलटून पाहावीत आणि अळीखेरीज आणखी कोण आहे ते शोधावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. अळ्या खाणारे कीटक आपल्या झाडांवर असतातच. ते विकत आणण्याचा विचार पुढचा. आधी जे आहेत ते ओळखायचे आणि आपल्या हातून मरू द्यायचे नाहीत. अर्थात, प्रत्येक अळीवर त्यांचा उपाय चालत नाही, हेही तेवढेच पक्के ध्यानात ठेवायला हवे.

या पद्धतीची चर्चा भारतात चहाच्या मळ्यांत बरीच झाली. आसाम आणि उत्तर बंगालच्या डुआर्स भागात चहाच्या झुडपांवर उंटअळ्या पडतात. त्यांतली हायपोसिड्रा नावाची अळी गेल्या काही दशकांत मळेवाल्यांची मोठी डोकेदुखी झाली. चहाचे पान दर आठवड्या-दहा दिवसांनी खुडले जाते आणि थेट कपात उतरते, त्यामुळे त्यावर औषध मारायला फार मोकळीक नाही. जोरहाटच्या टोकलाई चहा संशोधन केंद्राचे काम १९११ पासून चालू आहे. त्या मुलखातल्या अभ्यासकांनी चहावरच्या भक्षक कीटकांच्या नोंदी केल्या आणि त्यांत अळीच्या अंगात सोंड खुपसून तिला शोषणारे ढेकूण ठळकपणे पुढे आले. ठाणे जिल्ह्यात चहा होत नाही. आपला सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि मग जमीन कोरडी पडते. पण त्या मळ्यांतला इओकँथेकोना हा भक्षक ढेकूण देशभर आढळतो, आपल्याकडेही. आणि आठ दिवसांनी खुडायच्या पानाची अडचण तर भेंडीला, पालकाला, कढीपत्त्यालाही तशीच लागू आहे.

मित्र कोण, ओळखायचा कसा

या ढेकणापासून सुरुवात करू, कारण सगळ्यांत जास्त गैरसमज याच्याबद्दल आहे. प्रौढ कीटक तपकिरी, ढालीच्या आकाराचा, दोन्ही खांद्यांवर एकेक टोकदार काटा. मादी पानावर पिंपाच्या आकाराची, धातूसारखी चमकणारी अंडी ओळीने चिकटवते. त्यांतून निघणारी पिल्ले लाल-काळी असतात आणि सुरुवातीला घोळक्याने राहतात. हा घोळका दिसला की बहुतेक माणसे घाबरतात आणि तिथेच फवारा मारतात. पहिल्या अवस्थेत ती शिकार करत नाहीत, पाणी आणि झाडाच्या थोड्याशा रसावर राहतात. कात टाकली की शिकारीला लागतात आणि स्वतःपेक्षा कितीतरी मोठ्या अळीवर चार-पाच जणे मिळून सोंडा रोवतात. लोंबकळणारी, मऊ पडलेली, काळवंडलेली अळी पानाखाली दिसली तर हे काम बहुधा त्यांचेच.

अडचण अशी की झाडाचा रस पिणारे, म्हणजे नुकसान करणारे ढेकूणही दिसायला असेच असतात. फरक सोंडेत आहे. कीटक काचेच्या बाटलीत घ्या आणि खालून बघा. रस पिणाऱ्याची सोंड बारीक, पोटाला चिकटून पडलेली असते. भक्षकाची सोंड जाड असते आणि डोक्यापासून सुटी, पुढे वळवता येईल अशी. साधे भिंग पुरते. एकदा हा फरक डोळ्यांत बसला की पुढे बाटलीची गरज पडत नाही.

दुसरा ढेकूण म्हणजे रेडुव्हिड. लांबट अरुंद डोके, वाकडी भक्कम सोंड, लांब पाय. कित्येकदा रंग लाल-काळा. हा दबा धरून बसतो आणि एकेका अळीला गाठतो. याला हातात धरू नका, चावा फार झोंबतो. कागदाच्या तुकड्यावर घेऊन हलवा.

गांधीलमाशीला आपण फक्त डंखासाठी ओळखतो. पण ती आपल्या पिल्लांना भरवते ते चावून गोळा केलेले अळ्यांचे मांस. दिवसभर पानापानांतून अळ्या शोधणारा तिच्याइतका चिकाटीचा शिकारी आपल्या बागेत दुसरा नसेल. रोपॅलिडिया मार्जिनाटा या आपल्याकडच्या गांधीलमाशीवर राघवेंद्र गदगकर यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अनेक दशके संशोधन केले, तिच्या वसाहतीतली राणी कशी ठरते इथपर्यंत. दाराजवळ, मुलांच्या वावरात किंवा घरात कुणाला डंखाची ॲलर्जी असेल तिथे पोळे ठेवू नये, यात दुमत नाही. पण गच्चीच्या टाकीमागे, बांधावरच्या झुडपात असलेले पोळे पेटवून देण्याचे कारण नाही. खिडकीच्या चौकटीवर, पडद्याच्या दांडीवर मातीची छोटी मडकी करणारी कुंभारीण तर आणखी निरुपद्रवी. त्या मडक्यात एक अंडे आणि बधिर केलेल्या अळ्यांची शिदोरी असते. साफसफाईत मडके खरवडून काढले की अळ्या वेचणारी पुढची पिढीच आपण काढून टाकतो. भिंत रंगवायची असेल तर मडक्याला भोक पडेपर्यंत थांबा. भोक दिसले म्हणजे आतली माशी बाहेर पडली.

पानावर केसाएवढ्या बारीक दांड्याच्या टोकाला पांढरट ठिपका, असे दहा-पंधरा ठिपके दिसले तर ती बुरशी नाही. ती क्रायसोपाची अंडी आहेत. पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती नाजूक हिरवा, जाळीदार पंखांचा कीटक येतो तोच हा. याची पिल्ले मावा खातात, पतंगांची अंडी खातात आणि नुकत्या फुटलेल्या इवल्या अळ्याही. मोठ्या अळीपुढे त्यांचे काही चालत नाही. लेडीबर्ड, म्हणजे ठिपक्यांचे लाल भुंगेरे, अळीसाठी आणू नयेत. मावा आणि पिठ्या ढेकूण हे त्यांचे खाद्य. ऑनलाइन कुणी अळीचा उपाय म्हणून ते विकत असेल तर पैसे वाचवा.

प्रार्थनाकीटक अळ्या खातो, पण मधमाशी आणि फुलपाखरूही खातो. असेल तर असू द्यावा, आणायला जाऊ नये. आंब्याची पाने रेशमाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या, ज्यांना तळकोकणात हुमले म्हणतात, जगातल्या सर्वांत जुन्या नोंदलेल्या जैविक उपायांपैकी आहेत. इसवी सन ३०४ च्या सुमारास चीनमध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्यांची घरटी बाजारात विकत घेऊन लिंबूवर्गीय झाडांवर टांगत असल्याचा उल्लेख आहे. मोठ्या बागेत आजही त्यांचा उपयोग आहे. मात्र गोड चिकट्यासाठी त्या पिठ्या ढेकणाचे रक्षण करतात, म्हणून गॅलरीत त्यांना थारा देऊ नये.

आणखी एक खूण शिकून घ्या. अळी सुस्त बसली आहे, खात नाही आणि तिच्या अंगावर किंवा शेजारी तांदळाच्या कणीएवढे पांढरे कोष आहेत. ती अळी मारू नका. तिच्या पोटात वाढलेल्या परजीवी माश्यांचे ते कोष आहेत आणि त्यांतून निघणाऱ्या माश्या आसपासच्या आणखी अळ्या शोधतील. एरवी अळी वेचणारे हात नेमकी हीच अळी आधी उचलतात, कारण ती पळत नाही.

गॅलरी आणि सोसायटीची बाग

कुंड्यांसाठी माझा क्रम साधा आहे. रोज सकाळी पानांची खालची बाजू बघा. काळ्या गोळ्या ताज्या असतील, म्हणजे ओलसर आणि हिरवट, तर अळी वरच आहे. आजूबाजूला ढेकूण, त्यांची पिल्ले, कोष, दांडीवरची अंडी दिसली तर दोन-तीन दिवस थांबा. काहीच नसेल तर चिमट्याने अळ्या वेचा. पंचवीस कुंड्यांच्या बागेला यापेक्षा जास्त कशाची क्वचितच गरज लागते.

भक्षक हलवताही येतात. सोसायटीच्या आवारातल्या एखाद्या झाडावर ढेकणाची अंडी किंवा पिल्लांचा घोळका सापडला तर ते पान देठासकट कापा, कागदी पिशवीत घाला आणि अळ्या असलेल्या झाडाच्या पानाला टाचणीने अडकवा. हे काम संध्याकाळी करावे. अळ्या नसलेल्या झाडावर मात्र त्यांना सोडू नका. उपाशी राहिली की ती एकमेकांना खातात. डबीत गोळा करून दोन दिवस ठेवली तरी हेच होते.

लिंबू आणि कढीपत्त्याच्या बाबतीत जरा थांबून विचार करावा. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि पुढे हिरवीगार होणारी, डिवचली की डोक्यामागून केशरी-लाल शिंगे काढून उग्र वास सोडणारी अळी फुलपाखराची आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉन हे राज्य फुलपाखरू ठरवले, असे करणारे ते देशातले पहिले राज्य. त्याच्या अळ्या लिंबाच्याच जातीच्या झाडांवर वाढतात. घोडबंदर रोडवरच्या ओवळेकर वाडीत आपण मुलांना फुलपाखरे दाखवायला नेतो आणि घरी त्यांच्याच अळ्यांवर स्प्रे मारतो, हे मला पटत नाही. कढीपत्ता एकदा पूर्ण ओरबाडला गेला तरी पुन्हा फुटतो. झाड अगदी लहान असेल तर अळ्या आवारातल्या मोठ्या लिंबावर किंवा कढीपत्त्यावर नेऊन ठेवा. तिथे गांधीलमाश्या आणि पक्षी त्यांतल्या बऱ्याच खातील, काही वाचतील; ते निसर्गावर सोडावे.

झुरळांचा किंवा डासांचा स्प्रे खाण्याच्या झाडावर कधीही मारू नका. त्यांतली कृत्रिम पायरेथ्रॉइड वर्गातली औषधे अळीबरोबर तिच्या सगळ्या शत्रूंना मारतात आणि तीच पाने आपण फोडणीत घालतो. फवारणी करावीच लागली तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूची पूड, जी दुकानात बीटी म्हणून मिळते, वेष्टनावरच्या प्रमाणात आणि ऊन उतरल्यावर मारा. ती पानाबरोबर अळीच्या पोटात जावी लागते, त्यामुळे पान न खाणाऱ्या ढेकणांना आणि माश्यांना तिचा त्रास नाही. फुलपाखरांच्या अळ्याही तिने मरतात, म्हणून लिंबावर नको. डासांसाठी आवारात धूर सोडतात तेव्हा कुंड्या शक्य तितक्या आत घ्या आणि पुढचे काही दिवस नवे भक्षक सोडू नका. डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत तो धूर थांबवा असे मी म्हणणार नाही.

शेवग्यावरच्या केसाळ सुरवंटांना हे ढेकूण फारसे पुरे पडत नाहीत. चातक आणि पावशा हे पक्षी ते खातात, पण सोसायटीच्या एका झाडासाठी त्यांची वाट बघून भागणार नाही. हे सुरवंट दिवसा खोडावर झुंडीने चिकटून बसतात. लांब दांड्याच्या झाडूने साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडायचे, अंगभर कपडे आणि हातमोजे घालून. मशाल लावण्याची जुनी पद्धत इमारतींच्या गर्दीत धोक्याची आहे.

भात, भेंडी, वांगी

शेतात निर्णय घेताना एक प्रश्न सगळ्यांत आधी विचारावा : अळी उघड्यावर आहे की आत? पान खाणारी अळी भक्षकाच्या टप्प्यात असते. भाताच्या खोडात, भेंडीच्या फळात, वांग्याच्या शेंड्यात शिरलेली अळी कोणत्याही ढेकणाच्या सोंडेला पोहोचत नाही. तिला गाठायचे ते अंड्यात असताना किंवा पतंग असताना. एवढा भेद लक्षात घेतला नाही म्हणून ‘मित्रकीटक सोडले, काही उपयोग झाला नाही’ असे कितीतरी शेतकरी दादा सांगतात.

उघड्यावरच्या अळीसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्थेचा एक सोपा ठोकताळा आहे. शेतात तिरके चालत ठिकठिकाणी झाडे बघा, किडी मोजा आणि मित्रकीटक मोजा. दोन किडींमागे एक मित्र असेल तर फवारणी न करता थांबावे आणि काही दिवसांनी पुन्हा मोजावे. वहीत लिहून ठेवा. नुसत्या नजरेने दर वेळी किडीच जास्त वाटतात.

भाताच्या खोडकिड्याची मादी पानाच्या टोकाशी अंडीपुंज घालते आणि त्यावर पिवळसर-तपकिरी केसांचे आवरण चढवते. म्हणून लावणीआधी रोपांचे शेंडे कापून टाकण्याची शिफारस आहे. निम्मे काम तिथेच होते. लावणीनंतर सापडलेले अंडीपुंज जाळून टाकू नका. बारीक भोकांच्या डब्यात किंवा बांबूच्या पिंजऱ्यात घालून बांधावर टांगा : निघालेल्या अळ्यांना भाताचे पान मिळत नाही आणि अंड्यांत वाढलेल्या परजीवी माश्या भोकांतून उडून शेतात परततात. खाचरावर घिरट्या घालणारे चतुर आणि टाचण्या उडते पतंग पकडतात, चुडांत फिरणारे कोळी उरलेले. गाभेमर झालेले फुटवे शेकडा पाचच्या आत असतील तर धीर धरायला हरकत नाही.

आत शिरणाऱ्या अळ्यांसाठी विकत आणण्यासारखी गोष्ट म्हणजे ट्रायकोकार्ड. ट्रायकोग्रामा ही टाचणीच्या टोकाएवढी माशी पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते, त्यामुळे अळी जन्मतच नाही. एका कार्डावर साधारण २०,००० अंडी असतात. भातासाठी ट्रायकोग्रामा जॅपोनिकम, भेंडी-वांग्यासाठी ट्रायकोग्रामा चिलोनिस. दुकानदाराला जात विचारून घ्या. हेक्टरी ५०,००० माश्या, आठवड्याच्या अंतराने चार-पाच वेळा सोडाव्यात, असे प्रमाण सामान्यतः सांगितले जाते. सुरुवात पतंग दिसू लागताच करायची, फळे पोखरल्यावर नाही. कार्डाच्या पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला टाचा म्हणजे पावसाचा थेट मारा लागत नाही. आपल्याकडच्या जुलैतल्या झडीत कार्ड भिजून वाया जाते, तेव्हा उघडीप बघूनच लावा. मुंग्या कार्ड खाऊन टाकतात, त्यावर लक्ष असू द्या. आणि कार्ड लावण्याआधी व नंतर किमान आठवडाभर रासायनिक फवारणी नको. ते पाळता येणार नसेल तर कार्डावर खर्च करू नका. पतंग आले की नाही हे कळण्यासाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत.

वांग्याचे सुकलेले शेंडे मात्र हातानेच, अळीसकट खुडून नष्ट करावे लागतात. त्याला पर्याय नाही.

फवारणीने मित्रकीटक संपले की काय होते ते इंडोनेशियाने भातात भोगले. औषधांवर सरकारी सवलत होती, फवारण्या वाढल्या, कोळी आणि इतर शत्रू मेले आणि तपकिरी तुडतुडे आधीपेक्षा जास्त माजले. शेवटी १९८६ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी भातावर ५७ कीटकनाशके बंद केली. आपल्या जिल्ह्यातली भेंडी परदेशी जाते, तिथे अंश तपासले जातात. परत आलेल्या मालाचा भुर्दंड शेवटी शेतकऱ्यावरच पडतो. म्हणून तोडे सुरू असताना अळीसाठी पहिला हात निंबोळी अर्काचा असावा : ५ किलो निंबोळी पूड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, एकूण १०० लिटर करायचे आणि संध्याकाळी फवारायचे. बांधावर तीळ आणि झेंडू असू द्या. उडणाऱ्या मित्रकीटकांना फुलांतला मध लागतो आणि भाताच्या, भेंडीच्या सलग रानात तो पुरेसा मिळत नाही.

भक्षक ढेकूण दुकानात सहज मिळत नाहीत. जे मिळते ते बहुतेक ट्रायकोकार्ड आणि क्रायसोपाची अंडी. आपल्या गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना किंवा तालुका कृषी अधिकाऱ्यांना विचारा, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांचा सल्ला घ्या. मित्रकीटकांचे राष्ट्रीय काम बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोत चालते. कुरिअरने मागवायचे झाले तर पाकीट वाटेत उन्हात किती तास राहील ते आधी विचारा. ओळख पटवायला कीटक नेताना अळी एका डबीत आणि तिच्या झाडावर दिसलेला दुसरा किडा वेगळ्या डबीत न्या, दोन्हीला हवेची भोके आणि त्या झाडाचे एक पान. ही चौकशी भातकापणीच्या गडबडीतही पुढे ढकलू नका, कारण काही उपाय लागवडीआधीच सुरू करावे लागतात. हिवाळी भाजीत कोबी घ्यायचा असेल तर दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लागतात, म्हणजे पतंग अंडी मोहरीवर घालतात आणि उपाय तेवढ्या ओळींवरच करता येतो. त्यांतल्या पहिल्या ओळीचे बी कोबीच्या लागवडीआधी पंधरा दिवस जमिनीत पडलेले असावे, दुसरीचे लागवडीनंतर पंचवीस दिवसांनी.